खूण सरकवली आणि घर पाण्यात गेलं

"इथे पाणी कधीच भरत नाही," मालक म्हणाले. तळमजल्याचं घर आम्हा दोघांना आवडलंही होतं. तरी टोकन देण्याआधी दोन संध्याकाळी लॅपटॉप उघडून बसलो.

पूरधोक्याच्या नकाशात पत्ता टाकला. खूण पांढऱ्या भागात पडली. म्हटलं, सुटलो बुवा! बायकोने नकाशा मोठा केला तर खूण घरावर नव्हतीच, वरच्या अंगाला मुख्य रस्त्यावर होती. ओढून छपरावर आणली, तर निळ्या पट्ट्याच्या आत. पट्ट्याचं नाव '१०० वर्षांचा पूर'. शंभर वर्षांतून एकदा, मग आपल्याला काय, असं मला वाटलं. पण त्याचा अर्थ वेगळा निघाला. दर वर्षी असा पूर येण्याची शक्यता १ टक्का. गृहकर्ज ३० वर्षांचं धरलं, तर तेवढ्या काळात तो निदान एकदा येण्याची शक्यता जवळपास २६ टक्के.

मग उंची बघितली. एसआरटीएमच्या फुकट नकाशात घर जवळच्या नाल्यापेक्षा चार मीटर वर. पण ही मोजणी फेब्रुवारी २००० मध्ये अवकाशयानातून रडारने केलेली, ३० मीटरच्या चौकोनाला एक आकडा, आणि छपरं नि झाडंही त्या उंचीत मिसळलेली. त्यातल्या चार मीटरवर काय विसंबणार!

ग्लोबल सरफेस वॉटरच्या नकाशात १९८४ पासूनच्या लँडसॅट उपग्रहांच्या चित्रांमधलं पाणी दिसतं. आमच्या जागी ठिपकासुद्धा नव्हता. मात्र एक लँडसॅट त्याच जागेवर परत येतो १६ दिवसांनी, आणि पुराच्या वेळी वर ढग. चार तासांत ओसरलेलं पाणी त्याला कुठून दिसणार?

खरी गोष्ट कळली ती गुगल अर्थच्या जुन्या चित्रांत. वर्षं मागे सरकवत गेलो. आधी इमारत गेली, मग रस्ता गेला, आणि झाडांची एक वाकडी रांग दिसायला लागली. नाल्यापासून निघून थेट आमच्या पार्किंगमधून जाणारी. (हो, तोवर 'आमच्या' म्हणायला लागलो होतो.) मधल्या एका चित्रात त्याच रांगेवर मातीचे ढीग. ओहोळ बुजवला होता.

पुन्हा गेलो ते मोठ्या पावसानंतर. पाणी कुठेच नव्हतं. मीटरच्या खोलीत मात्र नवा रंग फक्त गुडघ्यापर्यंत लावलेला, आणि वीजमीटर डोक्याच्या वर. जुन्या स्क्रूंची भोकं खाली तशीच.

मालकांना दाखवलं. "ते एकदाच झालं होतं," ते म्हणाले. वर दुसऱ्या मजल्यावरचं घर सुचवलं.

तेही नको म्हटलं. गाडी लावायची त्या बुजवलेल्या ओहोळावरच ना.