दर वर्षी त्याच महिन्यात येणारी सर्दी

मुलाला सलग दहा-बारा शिंका येतात, नाकातून पाण्यासारखं वाहतं, पण ताप नाही. साधी सर्दी आठ-दहा दिवसांत आवरते आणि मधल्या काळात शेंबूड घट्ट होतो. परागकणांची ॲलर्जी मात्र आठवडेच्या आठवडे चालते, शेंबूड पातळच राहतो. सगळ्यांत मोठी खूण म्हणजे खाज. नाक, डोळे, टाळू, कान, सगळीकडे. तळहाताने नाक सतत वर ढकलून काही मुलांच्या नाकावर आडवी सुरकुती उमटते, डोळ्यांखाली काळसर छटा येते. दोन वर्षांखालच्या बाळाला ऋतूची ॲलर्जी क्वचितच होते, कारण शरीराला आधी एक-दोन हंगाम त्या परागकणांची ओळख व्हावी लागते.

खाज आणि शिंकांवर सेटिरिझिन किंवा लोराटाडिन बरं काम करतं. मात्रा वय-वजनावर डॉक्टरच ठरवतील. झोप आणणारी, जुन्या पिढीची ॲलर्जीची औषधं शाळकरी मुलांना नकोच, वर्गात लक्ष लागत नाही. चोंदलेल्या नाकावर मात्र स्टिरॉइडचा नाकातला स्प्रे जास्त प्रभावी, आणि नेमका तोच चुकीचा मारला जातो. आधी नाक शिंकरायचं, बाटली हलवायची, मान किंचित खाली. उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने, डावीत उजव्या हाताने, म्हणजे टोक आपोआप बाहेरच्या बाजूला, कानाकडे वळतं. मधल्या पडद्यावर फवारा बसत राहिला की घोळणा फुटतो. श्वास हलकाच घ्यायचा. जोरात ओढला तर औषध घशात उतरतं. पूर्ण परिणामाला दोन आठवडेही लागतात, त्यामुळे तीन दिवसांत ‘उपयोग नाही’ म्हणून थांबवू नका. हंगाम ठाऊक असेल तर डॉक्टरांना विचारून दोन आठवडे आधीच सुरुवात करा.

नाक झटकन मोकळं करणारे झायलोमेटाझोलिनसारखे थेंब स्वतःच्या मनाने घालू नयेत. ते जास्त दिवस चालले की नाक उलट अधिकच चोंदतं.

बाहेरून आल्यावर कपडे बदला, झोपण्यापूर्वी केस धुवा, नाहीतर केसांतले परागकण रात्रभर उशीवर राहतात. हंगामात कपडे घरातच वाळवा. मिठाच्या पाण्याने नाक धुताना पाणी उकळून गार केलेलंच हवं.

रात्री खोकला, धावल्यावर छातीत घरघर, किंवा श्वास घेताना बरगड्यांमधली त्वचा आत ओढली जाणं, ही दम्याची चिन्हं असू शकतात. खोकला आणि घरघर असेल तर तपासणी लांबवू नका. बरगड्या ओढल्या जात असतील तर लगेच दवाखाना गाठा.

त्वचेवरची ॲलर्जी चाचणी ठरली असेल तर सेटिरिझिनसारखी औषधं साधारण आठवडाभर आधी थांबवावी लागतात. नेमके किती दिवस, ते चाचणीची वेळ घेतानाच विचारून ठेवा.