पांडवलेणी आणि जास्तीची तर्री

आज जवळपास दीड वर्षाने नाशिकची पांडवलेणी चढले. गेल्या वर्षी याच दिवसांत नैराश्यामुळे उठून दात घासणं हेच दिवसाचं मोठं काम होतं. त्यामुळे पायऱ्यांवर धाप लागली तेव्हा वैताग आला नाही, गंमतच वाटली. ही धाप नुसती वजनाची होती!

24 लेण्यांपैकी मी रेंगाळते ती तिसऱ्यापाशी. गौतमी बलश्रीने तिथल्या लेखात आपल्या मुलाचं, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचं कौतुक कोरवून घेतलंय. मुलगा गेल्यानंतर. शाळेच्या सहलीत हे कुणी सांगितलं नव्हतं, की मी ऐकलं नव्हतं. बराच वेळ बसून राहिले तिथे.

आजारपणात सगळे विचारपूस करतात. बरं झाल्यावर मात्र आनंदाचीच भीती वाटते हो. जरा मनापासून हसले की लगेच, परत गेलं तर? डॉक्टरांनी बजावलंय, बरं वाटलं तरी गोळ्या किमान 6 महिने चालू, आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. आणि मूड येण्याची वाट बघायची नाही, आधी बूट घालायचे. हे दुसरं जास्त कठीण. मागच्या आठवड्यात तीन दिवस बूट तसेच पडून होते.

उतरल्यावर वहिनीबरोबर मिसळ. काळ्या मसाल्याची, पापड मोडून. मी जास्तीची तर्री मागितली तशी वहिनी माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "बाई, तू आज स्वतःहून काहीतरी मागितलंस!"

नाकातून पाणी, डोळ्यांतून पाणी. तर्रीचंच असावं.