मेम्फिसची एक रात्र: ब्लूज, सोल आणि हॉर्नची झील

अमेरिकेत नॅशव्हिलला मावसभावाकडे गेलो होतो, वीकेंड मोकळा होता म्हणून शनिवारी सकाळीच गाडी काढली आणि मेम्फिस गाठलं. आय-४० हायवेने सरळ रस्ता, साधारण ३४० किमी, कॉफीला थांबून साडेतीन तास धरा.

रात्री बील स्ट्रीटला, म्हणजे मेम्फिसच्या ब्लूज क्लबांच्या रस्त्यावर, नाचायला जाणार असाल तर दुपारी आधी स्टॅक्स या सोल संगीताच्या जुन्या रेकॉर्ड कंपनीचं म्युझियम करा, हे माझं पहिलं सांगणं. ओटिस रेडिंग, सॅम अँड डेव्ह, आयझॅक हेज या सोल गायकांचं रेकॉर्डिंग जिथे व्हायचं तो स्टुडिओ म्हणजे मुळात सिनेमा थिएटर, त्यामुळे जमीन उतरती. मूळ इमारत १९८९ मध्ये पाडली, पण २००३ मध्ये त्याच जागी म्युझियम उभं केलं तेव्हा तो उतारसुद्धा परत बांधला, उभं राहिलं की पायाला जाणवतो. आणि तिथे कळलेली एक गोष्ट मला रात्रभर पुरली: स्टॅक्सच्या गाण्यांत मागे कोरस गाणारे फारसे नसायचे, ते काम हॉर्न, म्हणजे ट्रम्पेट आणि सॅक्ससारखी फुंकून वाजवायची वाद्यं, करायचे. ओटिस तोंडाने सूर काढून दाखवायचा आणि वाजवणारे तिथल्या तिथे उचलायचे. शाहिराच्या मागे झीलकरी असतात ना, अगदी तसं.

नऊला बील स्ट्रीट. रात्री तिथे गाड्या बंद असतात, निऑनच्या पाट्या आणि दर दुसऱ्या दारातून बँडचा आवाज. आम्ही मात्र कानाला हॉर्न लागेपर्यंत चालत राहिलो आणि आठ जणांचा बँड दिसला तिथेच शिरलो, ट्रम्पेट, टेनर सॅक्स, ट्रॉम्बोन. जागा पकडायची तर हॉर्नवाल्यांच्या बाजूला, स्पीकरसमोर नको. तिघं एकदम श्वास घेतात तो इतक्या जवळून दिसतो, गाणारीची ओळ संपते आणि पुढच्याच क्षणी ते तिघं असे काही येऊन पडतात की छातीत धक्का बसतो. ट्रॉम्बोनवाल्याच्या पायाशी जुना टॉवेल होता, प्रत्येक गाण्यानंतर तो वाकून नळीतलं पाणी त्यावर काढायचा.

मी टाळ्या वाजवत होतो तर शेजारी नाचणाऱ्या सत्तरीच्या एका आजींनी माझा हात धरला आणि बोटांनी दाखवलं, चार ठोक्यांतल्या दोन आणि चारवर! आपला हात सवयीने समेवर पडतो, इथे एक आणि तीन सोडून द्यायचे. एकदा ते अंगात बसलं की पाय आपोआप चालतात, रात्री दीडपर्यंत खाली बसलोच नाही.

आता कामाचं. पासपोर्ट ओरिजिनल न्या, २१ वर्षांची अट असते आणि आपलं भारतातलं लायसन्स दारावर चालेलच असं नाही. १ आणि ५ डॉलरच्या नोटा ठेवा, बँडसमोर टिपची बादली असते, वाजवणाऱ्यांची खरी कमाई त्यात असते, हात आखडू नका. इअरप्लग आणि सपाट बूट घ्या. शाकाहारी असाल तर बीन्स आणि पालेभाजीतही बऱ्याचदा पोर्क असतं, ऑर्डर देताना विचाराच. परतताना गल्ल्यांतून पायी नको, कॅब बोलवा.

रविवारी सकाळ लॉरेन मोटेलसाठी ठेवा. ४ एप्रिल १९६८ ला मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या इथेच झाली, आता नॅशनल सिव्हिल राइट्स म्युझियम आहे. स्टॅक्सचे काळे-गोरे कलाकार याच मोटेलच्या खोल्यांत एकत्र बसून गाणी लिहायचे. तीन तास तरी हवेत, आणि मंगळवारी बंद असतं.