बासरी चढली, गिटार उतरली

"तू उतरलायस," दुसऱ्या गाण्यानंतर बासरीवाला माझ्याकडे वाकून म्हणाला. मी म्हटलं, "नाही, तू चढलायस."

दोघंही बरोबर होतो. दुपारचं ऊन थेट मंचावर येत होतं. उन्हात गिटारच्या तारा प्रसरण पावतात, ताण कमी होतो, सूर उतरतो. बासरीचं उलटं. गरम हवेत ध्वनीचा वेग वाढतो. २० अंशांना सेकंदाला साधारण ३४३ मीटर, ४० अंशांना ३५५ च्या आसपास. त्यामुळे तिचा सूर चढतो. सावलीत तंतोतंत जुळलेली वाद्यं अर्ध्या तासात एकमेकांपासून लांब गेली.

बांबूच्या बासरीला खुंटी नसते. वादक ओठांचा कोन बदलून थोडं सावरतो, तेवढंच. म्हणून मी तारा चढवल्या, बास गिटारवाल्याने चढवल्या. गायिकेने काही न सांगता तो नवा सूर धरला. मला आजचं सगळ्यात सुंदर तेच वाटलं, टाळ्यांपेक्षाही. समोर माणसं मोजकीच होती, पण तिसरं गाणं काय लागलं म्हणून सांगू!

ज्याला हलता येत नाही त्याच्याकडे बाकीच्यांनी सरकायचं, हे आम्ही ठरवलं नव्हतं. तुमच्या बँडमध्ये सगळे कोणाच्या सुराला मिळवून घेतात?