ई. कोलायचा ऑक्सिजन तोडताना: माझा अनुभव

ऑक्सिजन कमी पडू लागला की आतड्यातला ई. कोलाय हा जीवाणू ऊर्जा मिळवण्याची वाट कशी बदलतो, हे पाहण्याचा प्रयोग मी अनेकदा लावला आहे. फसला तेव्हा कारण बहुतेक वेळा एकच निघालं: नळीत ऑक्सिजन किती आहे याचा माझा अंदाज चुकलेला होता.

म्हणून आधी हिशेब. हवेला टेकलेल्या पाण्यात ३७ अंश सेल्सिअसला साधारण २०० मायक्रोमोलर ऑक्सिजन विरघळलेला असतो. ग्लुकोजवर जोमाने वाढणारं, ओडी (गढूळपणाचं माप) १ पर्यंत पोचलेलं कल्चर (वाढवलेले जीवाणू) एवढा साठा दोन-तीन मिनिटांत फस्त करतं. शेकर थांबवून नमुना काढायला पाच मिनिटं घालवली की 'हवेतलं' कल्चर हवेतलं राहत नाही. २५० मिलिच्या फ्लास्कमध्ये १०० मिलि मीडिया (वाढीचं द्रावण) भरला, तर शेकर चालू असतानाही तीच गत. मी त्या फ्लास्कमध्ये २५ मिलिच घेते, शेकर मिनिटाला २२० फेऱ्यांवर ठेवते आणि ओडी ०.३ ला नमुना काढते.

बिनहवेच्या नळ्यांसाठी एम९ (क्षारांचा साधा मीडिया, अन्न वेगळं घालायचं) उकळते, नायट्रोजन सोडत थंड करते, हंगेट नळ्यांत (हवाबंद काचेच्या नळ्यांत) १० मिलि भरते, ब्युटाइल रबराचं बूच लावून ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेने निर्जंतुक) करते. साधं रबर ऑक्सिजन आत झिरपू देतं, तिथे काटकसर नको. लिटरला १ मिलिग्रॅम रेझाझुरिन (ऑक्सिजन दाखवणारा रंग) घातलं की नजर ठेवता येते: निळ्याचं गुलाबी होणं परत न फिरणारं, गुलाबीचं रंगहीन होणं मात्र ऑक्सिजन शिरला की उलटतं. नळी गुलाबी असेल तर ती बाजूला ठेवायची. मॅग्नेशियम सल्फेट (१ मिलिमोलर) आणि कॅल्शियम क्लोराइड (०.१ मिलिमोलर) ऑटोक्लेव्हनंतर, सिरिंजने. सिरिंज आधी तीनदा नायट्रोजनने धुवायची.

काटेकोर अवायुजीवींच्या (ऑक्सिजन अजिबात न चालणाऱ्या जीवाणूंच्या) मीडियात उरलासुरला ऑक्सिजन काढायला सिस्टीन घालतात. ई. कोलायला एम९ मध्ये ते देऊ नये. सिस्टीन आयसोल्युसीन हे अमिनो आम्ल तयार होण्याच्या वाटेत अडथळा आणतं, वाढ रेंगाळते आणि दोष ऑक्सिजनच्या अभावावर जातो.

नळ्या चार. पहिलीत ग्लुकोज ०.२ टक्के. बाकी तिन्हींत ग्लिसरॉल ०.४ टक्के: एकीत त्याच्या जोडीला ४० मिलिमोलर पोटॅशियम नायट्रेट, दुसरीत ४० मिलिमोलर फ्युमरेट (दोन्ही ऑक्सिजनऐवजी इलेक्ट्रॉन घेतात), तिसरीत काहीच नाही. या शेवटच्या नळीवर माझा सगळ्यात जास्त भरवसा. एम९ मध्ये नुसत्या ग्लिसरॉलचं किण्वन (असा बाहेरचा इलेक्ट्रॉन घेणारा नसताना ऊर्जा मिळवणं) ई. कोलायला जमत नाही, तेव्हा ती गढूळ झाली तर एक तर ऑक्सिजन शिरला आहे किंवा कल्चरबरोबर ट्रिप्टोन (आधीच्या मीडियातलं पचवलेलं प्रथिन) आलं आहे. इनॉक्युलम (पेरायचं कल्चर) दोनदा धुऊनच घालावं. फ्युमरिक आम्ल वापरणार असाल तर सोडियम हायड्रॉक्साइडने सामू ७ वर आणूनच. नाहीतर वाढ आम्लामुळे थांबते.

नायट्रेटची नळीसुद्धा कधी कधी ढिम्म राहते. बहुधा मॉलिब्डेनम कमी पडलेलं असतं; नायट्रेट रिडक्टेज (नायट्रेटला इलेक्ट्रॉन देणारं विकर) त्याशिवाय चालत नाही. मी मॉलिब्डेट आणि सेलेनाइट प्रत्येकी १ मायक्रोमोलर आणि लोह १० मायक्रोमोलर घालते. लोह सायट्रेटबरोबर, वेगळं गाळून. एरवी फॉस्फेट ते तळाला बसवतं.

दुसरं कारण स्ट्रेनमध्ये (जीवाणूच्या वाणात) दडलेलं असतं. प्रयोगशाळांतून फिरणाऱ्या एमजी१६५५ या ई. कोलाय स्ट्रेनच्या काही साठ्यांत एफएनआर या नियंत्रक प्रथिनाचं जनुकच गळालेलं आहे. हवेत ते व्यवस्थित वाढतात, ग्लिसरॉल-नायट्रेटवर बिनहवेचे वाढत नाहीत. नवीन साठा आला की ही चाचणी आधी करावी, महिने वाचतात.

एफएनआर हे या सगळ्या बदलातलं मुख्य प्रथिन. त्यात चार लोह आणि चार गंधक अणूंचा गुच्छ असतो. ऑक्सिजन नसताना गुच्छ शाबूत, दोन रेणू जोडीने डीएनएवर बसतात आणि नायट्रेट रिडक्टेज, फ्युमरेट रिडक्टेज यांची जनुकं चालू होतात. ऑक्सिजन आला की गुच्छ मोडून दोन लोह, दोन गंधकांचा उरतो, जोडी फुटते. दुसरी यंत्रणा आर्कबी-आर्कए ही प्रथिनांची जोडी. आर्कबी ऑक्सिजनला हात लावत नाही. पटलातले क्विनोन (इलेक्ट्रॉन वाहून नेणारे रेणू) इलेक्ट्रॉनांनी किती भरलेत ते पाहतं. ते तुंबले की आर्कएला फॉस्फेट देतं आणि क्रेब्स चक्राची जनुकं दबतात. थोडा ऑक्सिजन उरलेला असताना सायटोक्रोम बीडी (ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन देणारं विकर) वाढतं, कारण ते नॅनोमोलर पातळीवरही ऑक्सिजन पकडतं.

पसंतीचा क्रम विद्युत विभवाने (इलेक्ट्रॉन ओढण्याच्या जोराने) ठरतो: ऑक्सिजन +८२० मिलिव्होल्ट, नायट्रेट +४२०, फ्युमरेट +३०. युबिक्विनोन हा क्विनोन +११० वर असल्याने फ्युमरेटला इलेक्ट्रॉन देऊ शकत नाही. तिथे -७४ चं मेनाक्विनोन लागतं. नायट्रेट आणि फ्युमरेट एकाच नळीत दिले तर नायट्रेट ओळखणारं नारएल फ्युमरेट रिडक्टेजचं जनुक दाबतं. एफआरडीए-लॅकझेड स्ट्रेन (ज्यात त्या जनुकाच्या नियंत्रणाला बीटा-गॅलॅक्टोसिडेज या विकराचं जनुक जोडलेलं असतं) घेऊन बीटा-गॅलॅक्टोसिडेज मोजलं की हे आकड्यांत दिसतं. नमुना थेट बर्फावरच्या क्लोरॅम्फेनिकॉलमध्ये काढायचा, म्हणजे हवा लागल्यावर नवं प्रथिन बनत नाही. जीएफपी (हिरवं चमकणारं प्रथिन) इथे कामाचं नाही: ते चमकण्याजोगं व्हायला ऑक्सिजनच लागतो, आणि बिनहवेचं जनुक चालू असूनही बंद वाटतं.

नायट्रेटपासून बनलेलं नायट्राइट ग्रीस चाचणीने (नायट्राइट असेल तर लाल रंग येतो) पाहते, ४ ते ६ तासांत. नमुना किमान ३०० पट पातळ करावा. नायट्राइट फार झालं तर लाल रंग येऊन लगेच उडतो आणि 'नाही' असं नोंदलं जातं. मीडियात नायट्रेट थोडंच दिलं असेल तर २४ तासांनी नायट्राइटचंही अमोनिया झालेलं असतं. रंग आला नाही तर चिमूटभर जस्ताची पूड: आता लाल झालं तर नायट्रेट शिल्लक आहे, नाही झालं तर तेही संपलं आहे.

आतड्यातही हाच क्रम चालतो. मोठ्या आतड्याच्या अस्तरपेशी ब्युटिरेट जाळताना ऑक्सिजन खर्च करतात, म्हणून आतली पोकळी जवळजवळ बिनहवेची राहते. दाह झाला की नायट्रिक ऑक्साइडपासून नायट्रेट बनतं आणि ई. कोलाय किण्वनावर जगणाऱ्या शेजाऱ्यांच्या पुढे जातो. उंदरांमध्ये हे २०१३ मध्ये दाखवलं गेलं. किण्वनात एका ग्लुकोजमागे जेमतेम तीन एटीपी (ऊर्जा साठवणारे रेणू) मिळतात, नायट्रेटवर त्याहून बरेच जास्त.

उपकरणं नसतील तर १ टक्का पेप्टोन, ०.२ टक्के ग्लुकोज, आत उलटी डरहॅम नळी (वायूचा बुडबुडा पकडणारी छोटी नळी). एम९ चा फॉस्फेट बफर इथे टाळते, कारण सामू उतरल्याशिवाय किण्वनात बनणाऱ्या फॉर्मेटपासून हायड्रोजन सुटत नाही. दोन नळ्या लावून एकीत ४० मिलिमोलर नायट्रेट घालते. १८ तासांनी साध्या नळीत बुडबुडा असतो. नायट्रेटच्या नळीत नसतो, कारण फॉर्मेटचे इलेक्ट्रॉन तिथे नायट्रेटकडे गेलेले असतात.