तुम्ही विचारलंत म्हणून: बेसबॉल, रसीन आणि दोन सेंट

मिरजेला गेले की एक प्रश्न ठरलेला असतो. भाचा विचारतो, समोरच्या काकू विचारतात: "अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाबद्दल बोललीस तर समजू शकतो. पण विस्कॉन्सिन या तुझ्या राज्याच्या विधिमंडळात कुणी काय मत दिलं, याच्याशी तुला काय करायचंय?" याचं उत्तर बेसबॉलपासून सुरू होतं, आणि चहा संपेपर्यंत ते सांगून होत नाही. म्हणून आज सवडीने लिहिते.

1995च्या उन्हाळ्यात ह्यांच्या नोकरीमुळे आम्ही रसीनला आलो. मिशिगन सरोवराच्या काठावरचं, मिलवॉकीच्या दक्षिणेला असलेलं हे कारखान्यांचं गाव. शेजारी पासष्टीचे एक आजोबा राहायचे. ऑगस्टमध्ये एका रविवारी ते आम्हाला मिलवॉकीच्या काउंटी स्टेडियममध्ये ब्रूअर्स या बेसबॉल संघाचा सामना दाखवायला घेऊन गेले. आदल्या वर्षी खेळाडूंच्या संपामुळे वर्ल्ड सिरीज, म्हणजे हंगामाची अंतिम लढत, रद्द झाली होती, लोकांचा राग अजून उतरला नव्हता, आणि स्टेडियममध्ये खुर्च्यांच्या रांगाच्या रांगा रिकाम्या होत्या. आजोबांच्या मांडीवर स्कोअरची वही. चेंडू टाकणारा पिचर 1, तो झेलणारा कॅचर 2, पहिला बेस (धावताना गाठायचा पहिला टप्पा) सांभाळणारा 3, असे प्रत्येक जागेला आकडे. चेंडू शॉर्टस्टॉपकडून (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये उभा राहणारा, 6) दुसऱ्या बेसवाल्याकडे (4), तिथून पहिल्या बेसकडे गेला आणि दोघं बाद झाले, की वहीत 6-4-3 लिहायचं. मी लहानपणी वडिलांच्या शेजारी बसून रेडिओवर बाळ ज. पंडितांचं मराठी धावतं वर्णन ऐकत कागदावर धावा मांडायचे. त्या दुपारी आजोबांनी पेन्सिल माझ्या हातात दिली आणि परक्या देशात पहिल्यांदा मला काहीतरी येतंय असं वाटलं.

परत येताना गाडीत त्यांनी ब्रेव्ह्जची गोष्ट सांगितली. 1953 साली ब्रेव्ह्ज हा संघ बॉस्टनहून मिलवॉकीला आला. हँक आरन हा नामवंत फटकेबाज त्यांच्याकडून खेळायचा. 1957मध्ये त्यांनी न्यूयॉर्कच्या यांकीज संघाला हरवून वर्ल्ड सिरीज जिंकली, तेव्हा आजोबा मिलवॉकीच्या रस्त्यावर नाचले होते. आणि 1965चा हंगाम संपल्यावर मालकांनी तोच संघ उचलून अटलांटाला नेला. चार उन्हाळे गावाला स्वतःचा संघ नव्हता. 1970मध्ये सिएटलचा दिवाळं निघालेला संघ बड सीलिग यांनी विकत घेऊन मिलवॉकीला आणला, तेच हे ब्रूअर्स. तीस वर्षांनीसुद्धा अटलांटाचं नाव घेताना आजोबांचा आवाज जड व्हायचा.

हे एवढ्यासाठी सांगितलं, की आम्ही आलो त्याच साली, 1995मध्ये, तीच भीती पुन्हा गावावर आली होती. काउंटी स्टेडियम जुनं झालं होतं. नवं बांधलं नाही तर संघ जाईल, असं बोललं जात होतं. खर्चासाठी पाच काउंट्यांमध्ये (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखी) 0.1 टक्का जादा विक्री कर लावायचं विधेयक राज्याच्या राजधानीत, मॅडिसनला आलं, आणि त्या पाचांत आमची रसीन काउंटीही घातली. राज्याच्या सिनेटमधले रसीनचे रिपब्लिकन सिनेटर जॉर्ज पेटॅक यांचा शब्द होता, की रसीनला धरलंत तर मी विरोधात मत देईन. 6 ऑक्टोबर 1995च्या पहाटे, रात्रभराच्या ओढाताणीनंतर, त्यांनी मत बदललं. विधेयक 16 विरुद्ध 15 मतांनी मंजूर झालं.

नव्या वर्षात कर सुरू झाला. जानेवारीत मी बर्फ उपसायचं फावडं घेतलं, वीस डॉलरचं. डिसेंबरपर्यंत त्यावर एक डॉलर कर पडला असता, आता एक डॉलर दोन सेंट पडला. ती पावती मी जपून ठेवली आहे. दोन सेंटांनी माझं काही बिघडत नव्हतं. पण आपण ज्यात भर घालतोय ते कुणी, कधी, कुणाच्या सांगण्यावरून ठरवलं, हे एका ओळीत समोर छापलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

पुढे जे झालं त्याने मला खरं या राज्याशी बांधलं. पेटॅक यांना परत बोलावण्यासाठी सह्या गोळा होऊ लागल्या. विस्कॉन्सिनच्या राज्यघटनेत ती सोय आहे: निवडून येऊन एक वर्ष झालं, की पुरेशा मतदारांच्या सह्यांवर मुदतीआधीच पुन्हा निवडणूक घ्यायला लावता येते. माझे वडील जयप्रकाशांना मानणारे. लोकप्रतिनिधीला परत बोलावण्याचा अधिकार लोकांना हवा, हे जयप्रकाशांचं मागणं आमच्या घरी जेवताना कितीदा ऐकलेलं. जे वडिलांच्या बोलण्यातच राहिलं, ते इथे शेजारच्या दारात टेबल मांडून चाललं होतं.

आणि त्या टेबलावर सही करून उठले ते आमचे आजोबा! मला कळेचना. नवं स्टेडियम व्हावं म्हणून हा माणूस रात्री झोपला नव्हता. मी विचारलं. ते म्हणाले, "संघ राहिला याचा मला आनंद आहे. पण त्याने आम्हाला शब्द दिला होता."

4 जून 1996ला पेटॅक हरले. परत बोलावला गेलेला राज्याच्या इतिहासातला तो पहिला आमदार. त्या एका जागेने सिनेटचं बहुमतही डेमोक्रॅट्सकडे गेलं. मला मत नव्हतं, मी फक्त कर भरत होते. पण त्या रात्री आजोबांच्या ओसरीवर बसून रेडिओवर निकाल ऐकला.

पेटॅक यांचं चुकलं का, हे मी इतकी वर्षं मनात घोळवतेय. माझं मत असं आहे, की त्यांचं मत शहराच्या भल्याचं होतं, आणि त्यांना घरी पाठवणंही योग्यच होतं. या दोन्ही गोष्टी मला एकदमच खऱ्या वाटतात.

स्टेडियम उभं राहताना 14 जुलै 1999ला छताचा अवाढव्य तुकडा उचलणारी क्रेन वाऱ्यात कोसळली आणि तीन कामगार गेले. उद्घाटन एक वर्ष लांबलं. 2001च्या वसंतात चार वर्षांच्या लेकीला घेऊन मी तिथे गेले. बाहेर पाऊस आणि थंडी, डोक्यावर ते सरकतं छत. सॉसेजचे वेष घातलेली माणसं मैदानात शर्यत लावतात, लेक त्यावर खूष होती. मला मात्र सारखी ती तीन माणसं आठवत होती.

2008मध्ये मी नागरिक झाले. 2011मध्ये गव्हर्नर स्कॉट वॉकर यांनी सरकारी कर्मचाऱ्यांचे सामूहिक वाटाघाटींचे हक्क जवळजवळ काढून घेतले, तेव्हा लेकीच्या शाळेतल्या शिक्षिका कडाक्याच्या थंडीत मॅडिसनला मोर्चाला गेल्या. त्याच ऑक्टोबरात ब्रूअर्स वर्ल्ड सिरीजच्या उंबरठ्यावर सेंट लुइसच्या कार्डिनल्सकडून हरले, आणि त्याच हिवाळ्यात आजोबा गेले. जून 2012मध्ये वॉकर यांना परत बोलावण्यासाठी मतदान झालं. मी शिक्षिकांच्या बाजूने मत दिलं. वॉकर टिकले. आमच्या 21व्या मतदारसंघाने मात्र पुन्हा आपला सिनेटर परत बोलावला, फेरमोजणीत 819 मतांनी. पण या वेळी मला तितकं बरं वाटलं नाही. 1996मध्ये भांडण एका मोडलेल्या शब्दाचं होतं. 2012मध्ये ते दोन पक्षांचं झालं, आणि आमच्या गल्लीतली दोन घरं एकमेकांशी बोलायची थांबली.

तो 0.1 टक्का कर मार्च 2020अखेर बंद झाला. आता स्टेडियमला अमेरिकन फॅमिली फील्ड म्हणतात. 2023च्या डिसेंबरात दुरुस्तीसाठी नवा कायदा झाला: राज्याचे 36 कोटी डॉलरांहून जास्त, मिलवॉकी शहर आणि काउंटीचे मिळून साडेतेरा कोटी, संघाचे 11 कोटी, आणि बदल्यात 2050पर्यंत संघ तिथेच. या वेळी रसीनला कुणी हात लावला नाही. लेक आता मिलवॉकीत राहते, तिने फोनवर मला आकड्यांवरून फैलावर घेतलं. "आई, शहराकडे इतर कामांना पैसे नाहीत आणि याला आहेत?" मला तिचं पटलं, आणि तरी मी त्या कायद्याच्या बाजूने होते. 1965ची गोष्ट मी ज्याच्याकडून ऐकली, त्याचा आवाज मला अजून ऐकू येतो.

जानेवारी 2025मध्ये बॉब युकर गेले. 1971पासून ब्रूअर्सचं धावतं वर्णन तेच करत होते. होमरन (क्रिकेटमधल्या षटकारासारखा फटका) उडाला की "गेट अप, गेट अप, गेट आउटा हिअर, गॉन!" असं त्यांचं ठरलेलं. बातमी कळली त्या दिवशी मी आजोबांची वही काढली. त्यांच्या बायकोने ती मला दिली होती. फावड्याची पावती त्यातच ठेवली आहे. पावतीची शाई इतकी फिकी झालीय, की आकडे वाचायला वही खिडकीशी न्यावी लागली. ब्रूअर्सनी अजून एकदाही वर्ल्ड सिरीज जिंकलेली नाही. वहीत शेवटची बरीच पानं कोरी आहेत, आणि यंदाच्या उन्हाळ्यात लेकीला त्यावर 6-4-3 लिहायला शिकवायचं ठरलं आहे.