इंग्रजी बातमीतला दंगा आणि गैरकारभार मराठीत आणताना

संभाजीनगर, लातूर, नांदेडच्या अभ्यासिकांत इंग्रजी अग्रलेख मराठीत उतरवायचा सराव चालतो आणि तालुक्याच्या पोर्टलवर इंग्रजी बातमी बघता बघता मराठी होऊन येते. दोन्हीकडे खोड एकच: कुठेही हाणामारी झाली की दंगल, कुठलाही नियम मोडला की भ्रष्टाचार. यातल्या बऱ्याच शब्दांना कायद्याने मापं घालून दिली आहेत, ती आधी बघावीत.

दंग्याच्या बातमीत पहिल्यांदा माणसं मोजा. 'अफ्रे'ला दोघे पुरतात, पण मारामारी सार्वजनिक जागी झाली पाहिजे आणि तिने शांतता भंगली पाहिजे (भारतीय न्याय संहिता, कलम 194). वाड्याच्या आत भावकी भिडली तर दुसरी कलमं लागतील. 'अनलॉफुल असेंब्ली'ला किमान पाच जण लागतात, शिवाय कलम 189 मध्ये दिलेल्यांपैकी एखादा समान उद्देश. आपल्याकडच्या फिर्यादीत 'गैरकायद्याची मंडळी जमवून' असं येतं ते हेच. शब्द जुना आहे पण चोख आहे, तो बिनधास्त वापरावा. या मंडळीतल्या एकानेही त्या उद्देशापायी बळ वापरलं की 'रायटिंग', म्हणजे दंगा (कलम 191), आणि मग ज्याने हातही उचलला नाही तोसुद्धा दंग्याचा आरोपी ठरतो.

सगळ्यात जास्त घोळ 'प्रोहिबिटरी ऑर्डर्स'चा होतो. हे मनाई आदेश. सणासुदीला, मोर्चांच्या दिवसांत जिल्हा प्रशासन महाराष्ट्र पोलीस अधिनियम 1951 च्या कलम 37 (1) आणि (3) खाली ते काढतं: लाठ्याकाठ्या, शस्त्रं बाळगायची नाहीत, पाच किंवा अधिक जणांनी जमायचं नाही. ही जमावबंदी. घराबाहेरच पडायचं नाही, तो 'कर्फ्यू', म्हणजे संचारबंदी. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 144 खाली दोन्ही प्रकारचे आदेश निघत. 1 जुलै 2024 पासून ते कलम नागरिक सुरक्षा संहितेचं 163 झालं आहे, म्हणून नुसतं '144 लागू' वाचून काहीच कळत नाही. आदेशाचा मजकूर वाचावाच लागतो. जमावबंदीच्या जागी संचारबंदी छापलं आणि ते व्हॉट्सॲपवर फिरलं, की आठवडी बाजार बसत नाही आणि खेड्यावरची पोरं पेपरला यायला एसटीत चढत नाहीत. एका शब्दापायी एवढं नुकसान होतं, हे लिहिणाऱ्याने मनावर घ्यायला हवं.

गैरकारभारात 'इर्रेग्युलॅरिटी' म्हणजे अनियमितता: निविदा न काढता काम दिलं, मोजमाप पुस्तिकेत नोंद केली नाही. 'मिसअप्रोप्रिएशन' म्हणजे अपहार: रोजगार हमीच्या मस्टरवर मेलेल्या माणसाचं नाव लावून मजुरी उचलली. पहिल्यात पैसा खाल्ला गेलाच असेल असं नाही. लेखापरीक्षणाने अनियमितता म्हटलेली असताना आपण अपहार लिहिला, तर माणूस चौकशीआधीच चोर ठरतो आणि लिहिणाऱ्यावर अब्रुनुकसानीची नोटीस येऊ शकते. 'नेपोटिझम' फक्त नातेवाइकांची वर्णी लावण्याला. बाकीची ती वशिलेबाजी.

'क्लेप्टोक्रसी' चोरांचं राज्य, 'काकिस्टोक्रसी' सगळ्यात नालायकांचं, 'मॉबोक्रसी' झुंडशाही. 'ॲनार्की' म्हणजे अराजक, तिथे सत्ताच उरलेली नसते. म्हणून तिथे 'मोगलाई' बसत नाही, कारण मोगलाईत राज्यकर्ता असतो, त्याला विचारणारं कोणी नसतं. 'तुघलकी'ही जपून वापरावा. मुहम्मद तुघलकाने 1327 च्या सुमारास राजधानी दिल्लीहून आपल्या दौलताबादला आणली. असल्या लहरी फर्मानाला तो शब्द शोभतो, फाईल दाबून बसणाऱ्या कार्यालयाला 'लालफीत' पुरे.

'पोलीस ॲक्शन' मात्र मराठवाड्यात तसाच ठेवावा. 13 सप्टेंबर 1948 ला हैदराबाद संस्थानात फौज उतरली आणि 17 तारखेला निजामाने शरणागती पत्करली. त्याला 'पोलिसांची कारवाई' लिहिलं, तर नव्या पिढीला ते नाक्यावरच्या छाप्यासारखं वाटेल.

'लॉ अँड ऑर्डर' आणि 'पब्लिक ऑर्डर' हेही एक नव्हेत. राममनोहर लोहियांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्तुळं सांगितली: सगळ्यात मोठं कायदा व सुव्यवस्थेचं, त्याच्या आत सार्वजनिक सुव्यवस्थेचं, त्याच्याही आत राज्याच्या सुरक्षेचं. दोन दारुडे भांडले तर बाहेरचं वर्तुळ. त्यातून दोन समाजांत तेढ पेटायची वेळ आली तर मधलं. एमपीडीए, म्हणजे धोकादायक गुंडांना खटल्याआधीच अडकवून ठेवायचा राज्याचा कायदा, त्याखाली एखाद्याला वर्षभरासाठी हर्सूल कारागृहात स्थानबद्ध करायचं तर मधल्या वर्तुळाला धोका दाखवावा लागतो, आणि तो कागदावर दाखवता आला नाही की असे आदेश उच्च न्यायालयात रद्द होतात.